पिशवीच्या बुडाला काय घालावं?

औंधला ताठपणाची परंपरा आहे. इथले राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे लोकांचे बाळासाहेब, स्वतः सूर्यनमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांमधून पोरांनाही घालायला लावायचे. नमस्कारांचा प्रसार करता करता त्यांनी थेट इंग्रजीतही पुस्तक काढलं. आख्ख्या संस्थानाचा कणा सरळ करायला निघालेला राजा ज्या गावात होऊन गेला, त्याच गावात शिवलेली कापडी पिशवी ओट्यावर ठेवली की मान टाकून लोळते, हे काही बरं दिसत नाही.

तसं पाहिलं तर पिशव्या शिवायची पाळी सरकारनं आणली. महाराष्ट्र शासनानं २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तीन महिन्यांची सवलत दिली आणि २३ जूनपासून दंडाची पावती पुस्तकं उघडली. पहिल्या वेळेला पाच हजार, दुसऱ्या वेळेला दहा हजार, तिसऱ्या वेळेला पंचवीस हजार आणि वर तीन महिने आत. मेथीच्या जुडीपायी आत जायची कुणाचीच तयारी नव्हती. घरोघरी माळ्यावर पडलेली शिलाई मशिनं खाली उतरली, त्यांना तेलपाणी झालं, आणि आमच्या वहिनींच्या बचत गटानंही पिशव्या शिवायला घेतल्या. कापड ठरलं, बंद ठरले, आत मोबाईलचा कप्पा, वर चेन, सगळं एकमतानं झालं. मग गाडं बुडाशी येऊन अडलं ते अडलंच. बुडाला काय घालावं या विषयावर गटाच्या जितक्या बैठका झाल्या तितक्या कर्जवाटपावर झालेल्या नाहीत.

वहिनींचं म्हणणं सरळ होतं. "भाऊजी, बूड धड नसंल तर वर मोर काढा न्हायतर लांडोर काढा, पिशवी आडवी ती आडवीच."

हा प्रश्न ज्यांना किरकोळ वाटतो त्यांनी बुडाला काहीही न घातलेली पिशवी घेऊन यमाईचा डोंगर चढावा. आत देवीच्या ओटीचं सामान: नारळ, खण, केळी, कंदी पेढ्यांचा पुडा. पायथ्याशी सगळं शिस्तीत मांडलेलं असतं. दहावीस पायऱ्या झाल्या की पिशवीच्या पोटात राजकारण सुरू होतं. मऊ पिशवीत जी वस्तू सगळ्यात जड आणि सगळ्यात गोल, ती मध्यभागी जाऊन बसते, आणि बाकीच्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचं असतं. डोंगराच्या वाटेवरच्या संग्रहालयापर्यंत पोचेतो केळ्यांच्या शिकरणीची निम्मी तयारी झालेली असते, आणि मूळपीठावर पोचेतो पेढ्यांना नारळाच्या शेंडीचे केस चिकटलेले असतात. देवी समजून घेते. प्रसाद वाटताना सासूबाई घेत नाहीत.

संग्रहालयावरून आठवलं. १९३८ साली राजेसाहेबांनीच उभारलेलं हे श्री भवानी चित्रसंग्रहालय. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध शिल्पकाराचं आई आणि मुलाचं शिल्पही आहे. लांबलांबचे जाणकार ते बघायला औंधापर्यंत येतात आणि त्याच्याभोवती फिरून आकार, अवकाश वगैरे बोलतात. आमचा बचत गट ते बघून आला तेव्हा एका काकूंनी एवढंच नोंदवलं, की "बैठक बघितली का? हलायचं नाव नको." प्रश्न डोक्यात घट्ट बसला की माणसाला सगळीकडे बूडच दिसायला लागतं.

पूर्वी ही विवंचना नव्हती. तेव्हा वायरची पिशवी होती. रंगीत प्लास्टिक वायरीची, चौकडीची, बायका दुपारच्या गप्पा मारत विणायच्या ती. रिकामी असली तरी ती उभी राहायची. एसटीच्या खिडकीतून सीट धरायला आत टाकली तरी उभीच पडायची, आणि तिच्याकडे बघून तिथं बसायची कुणाची छाती होत नसे. दुसरी पिशवी वडिलांच्या जुन्या टेरिकॉट पँटची. तिला बूड असं नसायचंच, कारण पँटचं बूड आधीच झिजलेलं असायचं. म्हणून तर पिशवी मांडीच्या कापडाची निघायची.

तर बुडाला घालायच्या जिनसांत पहिला मान पुठ्ठ्याचा. पुठ्ठा फुकट मिळतो, आणि फुकटच्या वस्तूत गुण दिसायला वेळ लागत नाही. नव्या शर्टाच्या घडीत येतो तो पुठ्ठा दिसायला ऐटबाज, पण अंगावर वजन पडलं की वाकतो. साडीच्या घडीतला त्याहून लांब आणि त्याहून लाजाळू. वहीचा पुठ्ठा शाळा सुटेपर्यंतच टिकलेला असतो. खरा पुठ्ठा यायचा तो आटपाडीकडून. आटपाडी डाळिंबाची, आणि एके काळी औंध संस्थानातलीच. हे संस्थान म्हणजे शिंप्याच्या पायाशी पडलेल्या चिंध्यांसारखं होतं: एक तुकडा औंध, एक कुंडल, एक आटपाडी, एक पार विजापूरकडं गुणदाळ. मिळून बहात्तर गावं. आज औंध सातारा जिल्ह्यात, कुंडल-आटपाडी सांगलीत. पण डाळिंबाची खोकी अजून जुनं नातं धरून इकडं येतात.

या खोक्याच्या पुठ्ठ्यात एक गोम आहे. दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद चिकटवलेला असतो. त्याच्या पन्हळी ज्या बाजूनं धावतात त्या बाजूनं पुठ्ठा ताठ राहतो, दुसऱ्या बाजूनं मात्र लगेच घडी पडते. म्हणून बुडाची पट्टी कापताना पन्हळी लांबीच्या दिशेनं याव्या लागतात. एवढीशी गोष्ट, पण तिच्यावरून गटात दोन तट पडले. कारण पन्हळी बघून कापलं की खोक्यावरचं डाळिंबाचं चित्र बरोबर मधोमध तुटतं.

"आत जाणार हाय ते. कोण बघतंय?"

"मला ठावं असतंय की!"

या वादाचा निकाल मेथीनं लावला. भाजीवाली मेथीवर पाणी मारते, मेथी ते पाणी पिशवीत सोडते, आणि पाणी बुडाशी जातं. दोन बाजारांत डाळिंबासकट पुठ्ठ्याचा लगदा झाला. पिशवी धुवायची म्हटलं तर प्रश्नच नको. एका काकूंनी मग नवा पुठ्ठा दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत गुंडाळून चिकटपट्टी लावून बंद केला. प्लास्टिकबंदीपायी जन्माला आलेल्या पिशवीच्या पोटात प्लास्टिक शिरलं ते असं, मागच्या दारानं. पुढची हकिकत याच दिशेची आहे.

पुठ्ठ्यानंतर सगळ्यांची नजर लग्नपत्रिकांकडे गेली. हल्लीच्या पत्रिका पाहिल्यात? मखमली आवरण, आत सोनेरी घडी, तिच्या आत आणखी एक कार्ड, आणि पोस्टाचं तिकीट लावायची सोय नाही, कारण ती पोस्टानं जातच नाही, गाडीनं येते. चार पत्रिका एकमेकींना चिकटवल्या तर खटाव तालुक्यातले बटाटे दहा किलो सहज पेलतील. पण पत्रिकेवर गणपती असतो. आणि गणपतीवर बटाटे कसे ठेवायचे?

इथं गट हबकला. कारण मग लक्षात आलं की घरातला जेवढा म्हणून ताठ कागद आहे तो सगळा देवांच्या नावावर आहे. कॅलेंडरच्या जाड पानावर लक्ष्मी. सराफानं दिलेल्या कार्डावर अंबाबाई. अगरबत्तीच्या मोठ्या खोक्यावर साईबाबा. मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर पुन्हा गणपती. वधूवरांच्या नावांवर बटाटे ठेवायला कुणाची हरकत नव्हती, संसार म्हणजे तरी काय. 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिमुकल्यांवरही कांदे चालले असते. पण गणपती नेमका मध्यभागी. तो कापून काढला तर पट्टीचे दोन तुकडे होतात, आणि कापलेल्या गणपतीचं काय करायचं हा वेगळाच पेच. देव्हाऱ्याच्या खणात असे सुटे गणपती आधीच दाटीवाटीनं बसलेत.

एक्स-रे मात्र निधर्मी. तो पाण्यानं भिजत नाही, फाटत नाही, आणि वयस्कर माणूस असलेल्या प्रत्येक घरात त्याचा साठा असतो. एकटा एक्स-रे लवचिक पडतो, म्हणून तीनचार एकत्र शिवावे लागतात. आमच्या एका पिशवीच्या बुडाला आजोबांचा डावा गुडघा, उजवा गुडघा, मणका आणि छाती असे चारही आहेत. आजोबांना आता चालवत नाही, पण ही अशी निम्मी देहयष्टी दर आठवड्याला बाजार करून येते. अडचण एवढीच, की हे एक्स-रे भंगारवालाही मागतो. त्यातल्या चांदीला पैसे येतात. आजोबांचं मत भंगारवाल्याच्या बाजूनं पडलं.

दहावीच्या निकालानंतर परीक्षेचे पॅड मोकळे होतात, तेही वापरून झाले. पॅड फारच कडक. वरची क्लिप काढली तरी रिव्हेटची भोकं राहतात आणि त्यातून साखर गळते. मग ज्या वहिनींचे मालक सुतारकाम करतात त्यांनी सहा मिलिमीटरचं प्लायवूड आणलं. पिशवी उभी राहिली. इतकी उभी राहिली की तिच्यावर बसता यायला लागलं. पण तिला घेऊन चालताना कोपरा नडगीवर असा बसायचा, की बाजारातून येणारी बाई लंगडताना दिसली की लोक ओळखायचे, प्लायवूडवाल्या गटातली.

एवढ्या जड उपायाकडं वळण्यात इथल्या मातीचाच गुण असावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांना राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं, १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर बाहेर पडायला लागले. ओगल्यांच्या काचकारखान्याच्या मागंही औंधचे राजेच उभे राहिले; त्यांचे प्रभाकर कंदील घरोघर पोचले. लोखंड झालं, काच झाली. दोन्ही ताठ, दोन्ही टिकाऊ, आणि कापडी पिशवीच्या बुडाला दोन्ही बिनकामाची. त्याच वेळी एखाद्या पुठ्ठ्याच्या गिरणीला माळरान दिलं असतं तर आज आमच्या गटाला इतकी वणवण पडली नसती.

शिंप्याला विचारलं तर त्यानं शिंप्याचं उत्तर दिलं: बकरम. बकरम म्हणजे खळीनं कडक केलेलं जाडंभरडं कापड. दुकानात तो ऐटीत असतो, पहिल्या धुण्यात खळ पाण्याबरोबर जाते आणि मागं हातरुमाल उरतो. मग म्हणाला, पेस्टिंग करा, इस्त्रीनं कॅनव्हास चिकटवा, दोन थर द्या. त्यानं पिशवीच्या अंगाला भरदारपणा येतो हे खरं, पण बूड काही ताठ होत नाही. कॉलरला हा उपाय उत्तम. कॉलरमध्ये बटाटे नसतात.

खळीचा विषय निघाल्यावर एका आजींना माणदेशातली घोंगडी आठवली. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके शिजवून, वाटून त्याची खळ करायची, कुंच्यानं घोंगडीला फासायची आणि वाळवायची. अशी नवी घोंगडी अंगावर घेतली तर ती पांघरल्यासारखी वाटत नाही, उभी केल्यासारखी वाटते. तिच्या तुकड्याचं बूड मी स्वतः हातात धरून पाहिलंय, कडकपणाला तोड नाही. पण पेढ्यांना मेंढराचा वास लागतो. शिवाय झुरळांना पेढ्यांपेक्षा चिंचोक्याची खळ जास्त आवडते, ही गोष्ट आम्हाला त्यामुळं समजली.

आणि मग निवडणूक आली.

निवडणूक आणि वाढदिवस या दोन गोष्टींनी महाराष्ट्राला सनपॅकचा पुरवठा अखंड ठेवला आहे. सनपॅक म्हणजे तो पोकळ प्लास्टिकचा हलका फलक, डाळिंबाच्या पुठ्ठ्यागत आत पन्हळी असलेला. पाण्याला भीत नाही, धुतला तर धुवून निघतो, वजन नसल्यात जमा, आणि कात्रीनं नाही तरी कटरनं सहज कापला जातो. तीन मिलिमीटरचा थोडा वाकतो. त्याचे दोन तुकडे एकावर एक ठेवायचे, एकाच्या पन्हळी लांबीला आणि दुसऱ्याच्या रुंदीला, म्हणजे मग काहीही भरा. मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी गटानं पडलेल्या उमेदवारांकडं रीतसर परवानगी मागितली. निवडून आलेल्यांकडं मागितली नाही, कारण त्यांचे फलक पुढची पाच वर्षं खाली येत नाहीत.

इथंही एक धोरणात्मक प्रश्न निघालाच. फलकावरच्या माणसाचं तोंड वर ठेवायचं की खाली? खाली ठेवलं तर अपमान. वर ठेवलं तर पिशवी रिकामी करताना शेवटचा कांदा काढला की तळातून हात जोडलेले 'भावी सरपंच' हसत वर बघतात. शेवटी तोंड वर ठेवायचं ठरलं. जनतेचा भार वाहीन असा शब्द त्यांनी जाहीर सभेत दिलेला होता, आणि दिलेला शब्द इतक्या तंतोतंत पाळणारा पुढारी आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

म्हणजे बघा, प्लास्टिकची पिशवी गेली, कापडाची आली, आणि ती उभी राहिली ती प्लास्टिकवर. मला विचाराल तर यात लाजण्यासारखं काही नाही. प्लास्टिकचा गुण टिकायचा. तो एकदा वापरून फेकायच्या पिशवीत वाया जात होता. एरवी गटारात गेलं असतं ते आता बुडाशी बसून वर्षानुवर्षं बटाटे पेलतंय. अधिसूचना लिहिणाऱ्यांच्या हे डोक्यात नसेल, वहिनींच्या आहे.

मग उरला शेवटचा वाद. बूड आत शिवून कायमचं बंद करायचं, की बाहेर काढता येईल असं ठेवायचं? बंद करणाऱ्यांचं म्हणणं, सुटं ठेवलं की हरवणार. सुट्या बाजूच्यांचं म्हणणं, बंद केलं की धुता येणार नाही. इथं मला बोलायची संधी मिळाली. म्हटलं, याचा निकाल औंधनं १९३९ सालीच लावून ठेवलाय. त्या वर्षी राजेसाहेबांनी गांधीजींच्या सल्ल्यानं स्वराज्याची घटना दिली, गावपंचायती बुडाशी घातल्या आणि बाकीचा कारभार त्यांच्यावर उभा केला. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनिअरच्या डोक्यातून निघालेली कैद्यांची वसाहत आटपाडीजवळ वसली. स्वतंत्रपूर. भिंत नाही, बेड्या नाहीत, कैदी शेती करतात. १९५७ साली शांतारामबापूंनी 'दो आँखें बारह हाथ' काढला तो याच प्रयोगावरून, आणि कथा लिहिली ती याच माणदेशातल्या गदिमांनी. खुनासाठी शिक्षा झालेली माणसं उघड्यावर ठेवली तरी राहिली, तर सनपॅकची पट्टी कुठं पळून जाणार?

"मग खोळ करा, एका अंगानं उघडी," वहिनी म्हणाल्या. गांधीजींचं नाव निघाल्यावर विरोधी बाजू गप्प झाली. नंतर कळलं, की खोळीचं तोंड शिवायचा दोरा वाचतो म्हणून आधीच सगळ्या राजी होत्या.

आता आमचा निकाल सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या गटांची वणवण वाचेल. भाजीच्या पिशवीला वाकळीचं बूड: जुन्या लुगड्याचे सातआठ पदर, दाट धावदोरा, शक्य तर दोन्ही बाजूंनी. ती पिशवी ताठ उभी राहत नाही, पण लोळतही नाही, बसते. आणि सगळीच्या सगळी बादलीत टाकता येते. किराणा, देवदर्शन आणि पाव्हण्यांकडं जायच्या पिशवीला सनपॅक, दुपदरी. पट्टी बुडाच्या मापापेक्षा चारी बाजूंनी पाव इंच कमी कापायची. कोपऱ्यावर रुपयाचं नाणं ठेवून गोल करायचे, कारण पिशवी पहिल्यांदा फाटते ती कोपऱ्यात, आणि ती बाहेरून फाटत नाही, आतून फाटते. पुठ्ठा फक्त विकायला ठेवलेल्या पिशवीत, गिऱ्हाईकानं हात लावेपर्यंत. प्लायवूड कुठंच नाही.

आणि यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना हात जोडून विनंती. पत्रिका जाड काढा, खुशाल काढा, पैसे तुमचे आहेत. पण गणपती मधोमध छापू नका. तो वर डाव्या कोपऱ्यात घ्या, सुटा कापून ठेवता येईल असा. खाली बारा इंच लांब आणि चार इंच रुंद जागा सलग मोकळी सोडा. आणि छापखान्यात जमत असेल तर पन्हळीचा कागद वापरा, पन्हळी लांबीच्या दिशेनं.